फोटो शाळेत नसतो

जुने शालेय फोटो लोकांना मिळवून देण्याच्या उद्योगात बरीच वर्षं गेल्यावर मी आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगून टाकतो: शाळेत जाऊ नका, निदान आधी जाऊ नका. माणसाला ते पटत नाही. वर्ग शाळेचा, गणवेश शाळेचा, मधोमध खुर्चीवर हेडमास्तर बसलेले, मग फोटो दुसरीकडे कुठे असणार? पण शाळा काय जपते हे तिच्या मायेवर ठरत नाही, तिच्याकडे कोण काय मागतं यावर ठरतं. सरकार जनरल रजिस्टर मागतं, म्हणून ते कडा झिजलेलं का होईना, लोखंडी कपाटात कुलपाखाली असतं. नाव, जात, जन्मतारीख, जन्मठिकाण, आधीची शाळा, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, वर्तणुकीचा शेरा असे रकाने त्यात असतात, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची नोंदही त्यातून दाखल्यासाठी निघते. फोटोला त्या रजिस्टरात रकाना नव्हता. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी वर्गाचा फोटो कधी मागितला नाही. शाळेच्या दप्तराच्या दृष्टीने तो कागदच नव्हता. तो वर्षातून एकदा मैदानात विकला जाणारा माल होता. विकलेला माल शोधायचा तर तो कुणी विकला आणि कुणी घेतला, इथूनच सुरुवात करावी लागते.

त्या व्यवहाराची रीत महाराष्ट्रातल्या बहुतेक हायस्कुलांत सारखीच होती. जानेवारी-फेब्रुवारीत, निरोप समारंभाच्या आसपास, तालुक्याच्या स्टुडिओवाल्याला बोलावणं जाई. सावली बघून बाक मांडले जात. मागची रांग बाकांवर उभी, तिच्यापुढची जमिनीवर, मग खुर्च्यांवर शिक्षक, आणि सर्वांत पुढे सतरंजीवर मांडी घालून लहान चणीची मुलं. त्यातल्या एकाच्या हातात पाटी आणि पाटीवर खडूने इयत्ता, तुकडी, साल. ज्यांना प्रत हवी त्यांची नावं आणि पैसे वर्गशिक्षक गोळा करत. जितके पैसे तितक्या प्रती. शिवाय एक शाळेला आणि बहुधा एक वर्गशिक्षकांना. निगेटिव्ह स्टुडिओत राही. म्हणजे फोटो जाऊन जाऊन तीन ठिकाणी जाणार: शाळेच्या भिंतीवर, स्टुडिओच्या खोक्यात आणि पैसे भरणाऱ्यांच्या घरी. शोधणारी मंडळी नेमकी याच क्रमाने जातात आणि दुसऱ्या पायरीवरच हात टेकतात. हा क्रम उलटा करावा, एवढंच मला सांगायचं आहे. पण तो का उलटा करायचा हे तिन्ही जागांची हालत पाहिल्याशिवाय कळत नाही.

भिंतीची गोष्ट लवकर संपते. चुना मारायच्या वेळी फ्रेमा खाली उतरतात आणि सगळ्याच परत वर चढत नाहीत. कौलारू इमारत पाडून स्लॅबची बांधली की तिथल्या फ्रेमा खेळाच्या साहित्याच्या खोलीत जातात. ज्या टिकतात त्यांत संस्थापक, देणगीदार, बोर्डात आलेली मुलं आणि शिक्षकवृंद असतो. साध्या 'अकरावी ब'चा वर्ग क्वचित. आणि सापडला तरी पुष्कळदा तो काचेला चिकटलेला असतो. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत तो मऊ पडतो आणि मध्ये माउंटची पट्टी नसेल तर समोरच्या काचेला घट्ट धरतो. अशा वेळी उत्साही माणूस मागचे खिळे काढून फोटो ओढतो आणि चार-पाच चेहऱ्यांची कातडी काचेवर राहते. फोटो ओढायचा नाही, ओलाही करायचा नाही. काच बाहेरून स्वच्छ पुसायची, फ्रेम खिडकीशी तिरकी धरायची आणि काचेसकटच स्कॅन किंवा फोटो घ्यायचा. त्यात थोडी चमक येते, पण नाक-डोळे शाबूत राहतात.

स्टुडिओकडून लोकांना फार आशा असते, कारण प्रिंट हरवली तरी निगेटिव्ह असेल असं वाटतं. तर्क बरोबर आहे. आड येतो तो चांदीचा भाव. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतला काळा भाग म्हणजे चांदी, आणि फोटो धुताना वापरलेल्या हायपोतून, जुन्या फिल्ममधून ती परत काढता येते. दुकानाची जागा अपुरी पडू लागली की एक्स-रेच्या फिल्मबरोबर निगेटिव्हचे गठ्ठेही वजनावर जात. त्याआधीच्या काचेच्या प्लेट धुतल्या की काच फ्रेमला चाले. जी फिल्म भंगारात गेली नाही तिला हवा खाते. अ‍ॅसिटेटची फिल्म गरम, दमट खोलीत कुजू लागली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि फिल्म आक्रसून तिच्यावर सुरकुत्या पडलेल्या दिसतात. डिजिटल कॅमेरे आल्यावर कित्येक स्टुडिओंची झेरॉक्सची आणि मोबाइलची दुकानं झाली, आणि पुढच्या पिढीला खोक्यावर काय लिहिलंय ते लागत नाही. तरी स्टुडिओ अगदी सोडून द्यावा असं नाही. कुठल्याही प्रिंटच्या पाठीमागे रबरी शिक्का आणि पेन्सिलीने निगेटिव्हचा नंबर असेल तर खोकं उघडायला लावण्यात अर्थ आहे. नंबर नसताना "सत्तरच्या आसपासचा, आमच्या शाळेचा" असं म्हणत गेलं तर दुकानदार मान हलवतो, आणि त्याची चूक नसते.

उरली घरं. इथे पहिला आक्षेप येतो: चाळीस मुलांची चाळीस घरं कुठून शोधायची? मुलं नोकरीनिमित्त पांगली, मुली सासरी गेल्या, निम्मी मंडळी हयात नाहीत. पण हे पांगणंच शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट एकाच दिवशी जाते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली घरं पाण्याखाली गेली, तेव्हा ट्रंकांतल्या वह्या आणि अल्बम चिखलात गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीची घरं बसली. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ ला चिपळुणात पाणी घरांत शिरलं. त्या-त्या गावातली प्रत गेली असेल. पण त्याच फोटोची दुसरी प्रत बदली झालेल्या वर्गशिक्षकांबरोबर नाशिकला गेलेली असते, तिसरी डोंबिवलीच्या माळ्यावर असते. चाळीस घरं शोधायची नसतात, त्यांतलं एक सापडलं तरी काम होतं.

शिवाय या व्यवहारात एक गंमत आहे, आणि माझ्या मते सगळ्या शोधाची किल्ली तीच आहे. पैसे भरले नाहीत म्हणून कुणाला रांगेतून बाहेर काढत नसत. प्रत घेणारा आणि न घेणारा, दोघंही खांद्याला खांदा लावून त्याच फोटोत उभे. म्हणून ज्याच्या घरी फोटो नाही त्याचा चेहरा दुसऱ्याच्या घरी आहे. शेतमजुराच्या, बलुतेदाराच्या मुलाकडे फोटोचे पैसे नसत. दुकानदार, तलाठी, शिक्षक यांच्या मुलांकडे असत. त्या शेतमजुराच्या मुलाचा नातू आज फोटो शोधायला निघतो तेव्हा तो आपल्या भावकीत शोधतो, आणि फोटो असतो किराणा दुकानदाराच्या माडीवर. दोन्ही घरं एकाच गावात, पण पन्नास वर्षांत एकमेकांच्या माजघरात गेलेली नाहीत. विचारायला संकोच असतो, कधी जुन्या उधारीचा, कधी जातीचा. हा संकोच मोडला तर बहुतेक वेळा समोरचा माणूस फोटो आनंदाने काढून देतो, इतकंच नव्हे तर "हा तुझा आजा, मागच्या रांगेत, टोपी तिरकी घातलेला" असं बोटाने दाखवतो. काही घरांत आजोबांची त्याखेरीज दुसरी तसबीरच नसते; पुढची थेट निवडणूक ओळखपत्रावरची, सत्तरी ओलांडलेली.

घरांमध्येही डावंउजवं आहे. सर्वांत खात्रीचं घर वर्गशिक्षकांचं. त्यांना प्रत फुकट मिळे आणि दरवर्षी मिळे, त्यामुळे एका बैठकीत दहा-पंधरा वर्षांचे वर्ग सापडू शकतात. शिक्षक गेले असतील तर त्यांच्या मुलांना लवकर गाठावं. घर आवरताना बापाचे विद्यार्थी कुणी ठेवत नाही. त्याखालोखाल बॅचचा मेळावा भरवणारा माणूस. प्रत्येक बॅचमध्ये असा एकजण असतोच, आणि बाकीचे त्याच्या उत्साहाला हसतात. मुलींचे फोटो शोधणं मात्र अवघड जातं. लग्नात ट्रंक भरताना शाळेचा फोटो तिच्यात जात नसे. तो माहेरच्या भिंतीवर राही आणि भावांच्या वाटण्या झाल्या की त्याचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नसे. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं, पुष्कळ घरांत पहिलं नावसुद्धा. मुलं आईला 'सुनंदा' म्हणून ओळखतात आणि फोटोच्या पुठ्ठ्यावर 'कु. जोशी य. ग.' असते. माहेरचं पूर्ण नाव हाताशी नसेल तर फोटो समोर असूनही ओळख पटत नाही. शाळेत जायचंच असेल तर ते यासाठी जावं: दाखल्याच्या निमित्ताने माहेरचं नाव, तुकडी आणि शाळा सोडल्याचं साल पक्कं करून घ्यायला.

सालाच्या बाबतीत एक खड्डा हमखास लागतो. महाराष्ट्रात दहावीची पहिली एस.एस.सी. १९७५ ला झाली. त्याआधी ती अकरावीला होती. म्हणून १९६८ च्या दहावीचा निरोपाचा फोटो शोधणाऱ्याला तो मिळत नाही, कारण निरोप अकरावीला दिला जाई. खेड्यात सातवी हा शेवटचा टप्पा असे, सातवी फायनलच्या वर्गाचा फोटो निघे आणि पुष्कळांचं शिक्षण तिथेच थांबे. पण जो आठवी-नववीत, मध्येच, पेरणीच्या दिवसांत शाळेतून निघून गेला त्याच्या नशिबी बऱ्याच शाळांत एकही फोटो येत नसे. त्याच्यासाठी खो-खोचा संघ, स्काउट, गॅदरिंगमधलं नाटक, वसतिगृह असे आडमार्ग धुंडाळावे लागतात. रयतसारख्या संस्थांच्या वसतिगृहांत राहिलेल्यांचे फोटो वर्गाच्या फोटोपेक्षा तिकडे लवकर सापडतात. तरी काही जणांचा फोटो नसतोच, आणि तसं स्पष्ट सांगावं. नसलेल्या गोष्टीसाठी लोकांना वर्षभर फिरवण्यात अर्थ नाही.

फोटो मिळाला म्हणजे माणूस मिळाला, असंही नाही. जुन्या प्रतीच्या पुठ्ठ्यावर खाली सुबक अक्षरात नावं लिहिलेली असत: 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', 'उभे, रांग पहिली', आणि शेवटी 'गैरहजर'. तिथेही 'पाटील एस. बी.' दोन-दोन असतात आणि रंगाऱ्याने एक नाव गाळलं की तिथून पुढची सगळी रांग एका माणसाने सरकते. म्हणून नावं नेहमी दोन्ही टोकांकडून मोजून जुळवावीत. आज लोक काय करतात? भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढतात, ट्यूबलाइटची रेघ बरोबर मधल्या रांगेवर येते, मग चेहरे मोठे दिसावेत म्हणून खालची पट्टी कापून टाकतात आणि बॅचच्या ग्रुपवर पाठवतात. तोच कापलेला, व्हॉट्सअ‍ॅपने आणखी बारीक केलेला फोटो शंभर जणांकडे पोहोचतो आणि मूळ प्रत कुणाकडे होती ते महिन्याभरात विसरलं जातं. "आता सगळं फोनमध्ये आहे, शोधायचं काय राहिलं?" या आक्षेपाला माझं उत्तर एवढंच आहे की फोनमध्ये नावं कापलेले चेहरे आहेत. फोटो मागताना पुठ्ठ्यासकट आणि पाठीमागची बाजूही मागावी.

स्मरणिकेचा आक्षेप त्याहून वजनदार आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० ची, हुजूरपागेची १८८४ ची. महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेल्या शाळांना तोटा नाही, आणि रौप्य, सुवर्ण, शताब्दी अशा महोत्सवांच्या स्मरणिका गावोगाव निघाल्या आहेत. त्या ग्रंथालयात मिळतात, घरोघर हिंडायला नको. खरं आहे, आणि शिक्षकांची कारकीर्द, इमारतीचा इतिहास किंवा शिष्यवृत्तीधारकांची यादी हवी असेल तर स्मरणिकेसारखं साधन नाही. पण जुन्या छपाईत प्रत्येक फोटोचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे आणि त्याला पैसे पडत. साहजिकच ब्लॉक निघत ते अध्यक्षांचे, मुख्याध्यापकांचे आणि जाहिरात देणाऱ्यांचे. साधा विद्यार्थी स्मरणिकेत असलाच तर कवायतीच्या फोटोत, करंगळीच्या नखाएवढा, आणि तोही ठिपक्यांचा बनलेला. मोठा केला की चेहऱ्याऐवजी ठिपकेच मोठे होतात. त्याच वर्गाच्या मूळ प्रिंटमध्ये भिंगाखाली शर्टाचं तुटलेलं बटणही दिसतं.

मग अमेरिकेचं उदाहरण पुढे केलं जातं, विशेषतः मुलं तिकडे असलेल्या घरांतून. तिकडे शाळेचं इयरबुक निघतं, ते जुनंसुद्धा घरबसल्या पाहता येतं. आपल्याकडे का नाही? यामागे तिकडच्या लोकांची शिस्त आणि आपली बेफिकिरी आहे असं मानायचं कारण नाही, कारण पैशाचा व्यवहार तिकडेही होता आणि आपल्याहून मोठा होता. मिनेसोटात १९३६ साली नॅशनल स्कूल स्टुडिओज नावाने सुरू झालेला धंदा पुढे लाइफटच झाला, आणि २०१८ मध्ये शटरफ्लायने तो ८२ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतला. फरक पडला तो मालाच्या रूपाने. तिकडे चेहरे पुस्तकात छापले गेले, आडनावाच्या अकारविल्हे, प्रत्येकाखाली नाव. एकट्याच्या फोटोचा संच विकत न घेणाऱ्याचाही छोटा चेहरा पुस्तकात येई. पुस्तक असल्यामुळे गावच्या सार्वजनिक वाचनालयाने ते फळीवर ठेवलं. फोटोला फळी नसते, पुस्तकाला असते. पुढे जुनी इयरबुकं स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी आली, कारण १९७७ पर्यंत कॉपीराइटची सूचना न छापता निघालेलं पुस्तक तिथल्या कायद्याने सर्वांना खुलं झालेलं आहे. त्या साठ्यावर बर्कलेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १९०५ ते २०१३ या काळातले सदतीस हजारांहून अधिक चेहरे एकत्र करून कॅमेऱ्यासमोर हसण्याची पद्धत दशकागणिक कशी वाढत गेली ते दाखवलं. आपल्याकडे असा अभ्यास अशक्य आहे: आपले चेहरे माळ्यांवर विखुरलेले, आणि बहुतेकांची नावं कापलेली. अमेरिकेत शोधणाऱ्याने म्हणूनच शाळेकडे न जाता आधी गावच्या वाचनालयात विचारावं. वर मी सांगितलेला नियम तिथेही मोडत नाही, फक्त घराच्या जागी वाचनालय येतं.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण खोडून काढता येत नाही. दुसऱ्याच्या घरातला फोटो मागायचा म्हणजे त्यातल्या बाकीच्या एकोणचाळीस जणांचे चेहरेही हाती येतात, त्यांना विचारलं कुणी? मालकीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन फोटो काढून घेणारा हा त्याचा पहिला मालक धरला आहे, आणि घरच्यांनी आपल्या आजोबांची प्रत काढून घेतली म्हणून कुणी दारात उभं राहत नाही. मन राखण्याचा प्रश्न वेगळा. कुणा बाईला ते दिवस आठवायचे नसतात, कुणी त्या वर्षी घरातून पळून गेलेली असते, कुणाच्या अंगावरचा फाटका सदरा नातवंडांपुढे यायला नको असतो. मी पाळतो तो रिवाज असा: कुटुंबाला त्यांचा माणूस मोठा करून वेगळा द्यावा, पूर्ण गट फक्त त्या वर्गातल्यांना, आणि कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नये. आता शिकत असलेल्या मुलांचे फोटो कुणी माझ्याकडे मागितले तर पालकांकडून शाळेला अर्ज करायला सांगतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलीच आहे.

आताच्या शाळांकडे पाहताना मात्र थोडी काळजी वाटते. शहरातल्या कित्येक शाळांत ग्रुप फोटो मागे पडतो आहे आणि त्याची जागा एकट्याच्या फोटोने घेतली आहे: निळा पडदा, भाड्याची टोपी आणि झगा, नंतर पालकांना लिंक, पैसे भरले तर फोटो डाउनलोड होतो, नाहीतर मुदत संपल्यावर लिंक बंद. चित्र कितीतरी स्वच्छ, रंग उत्तम. पण ज्या पालकांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या मुलाचा चेहरा आता वर्गमित्राच्या घरातही राहत नाही. एकट्याचे फोटो खुशाल विका. पण वर्षातून एकदा बाक मांडून, हातात पाटी देऊन, सगळा वर्ग एका चौकटीत उभा करा आणि खाली पूर्ण नावं लिहून त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. खर्च फार येत नाही. स्टुडिओवाले तयार असतात, हे मी त्यांच्याशी बोलून सांगतो; अडतं ते शाळेच्या वेळापत्रकात अर्धा तास काढण्यापाशी.